प्रतिजैविक-चिकित्सेत तक्राचे स्थान : महाड-पोलादपूरच्या पूरकाळासंदर्भात काही विचार

जुलै २००५ आणि २२ जुलै २०२१ या दोन महापुरांचा अनुभव महाड-पोलादपूर परिसरातील वैद्यबंधूंच्या स्मरणात कायम आहे. सावित्री-गांधारीचे पाणी ओसरले की मागे चिखल राहतो, आणि भातखाचरांत अनवाणी वावरणाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिसचा धोका संभवतो. अशा वेळी प्रतिबंधासाठी डॉक्सिसायक्लीन आठवड्यातून एकदा २०० मि.ग्रॅ. देण्याची पद्धत आहे. जखमांसाठी इतर प्रतिजैविके दिली जातात. त्यातून मळमळ, द्रवमलप्रवृत्ती सुरू झाली की रुग्ण गोळ्या परस्पर बंद करतो आणि आपल्याकडे येतो. लेप्टोमध्ये अर्धवट सोडलेला उपचार प्राणावर बेतू शकतो. म्हणून गोळी सोडविणे हे आपले काम नव्हे, ती सोसविणे हे आहे.

प्रतिजैविक रोगजंतूंबरोबर आतड्यातील उपकारक जंतूंचाही नाश करते. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट व सेफॅलोस्पोरिन यांनी अतिसार अधिक होतो, डॉक्सिसायक्लीनने तुलनेने कमी. अग्निमांद्य व ग्रहणीदौर्बल्य या दृष्टीने पाहिल्यास तक्र आठवणे स्वाभाविक आहे. चरकाचार्यांनी ग्रहणी व अर्श या दोन्ही अधिकारांत त्याचा गौरव केला आहे.

आधुनिक संशोधनाचा आधार आहे, पण तो मर्यादित. २०१९ च्या कॉक्रेन समीक्षेत प्रोबायोटिक घेणाऱ्या मुलांपैकी सुमारे ८ टक्क्यांना, तर न घेणाऱ्यांपैकी १९ टक्क्यांना प्रतिजैविकजन्य अतिसार झाला. ते प्रयोग ठरावीक जंतूंच्या ठरावीक मात्रेवर झाले होते. घरच्या विरजणात कोणते जंतू किती, हे आपणांस ठाऊक नसते. उलट २०१८ मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेतील संशोधकांना असे दिसले की, प्रतिजैविकानंतर प्रोबायोटिक घेतल्यास मूळचे जंतू पूर्ववत होण्यास विलंब लागतो. तेव्हा ताक म्हणजे तयार प्रोबायोटिकच, असे रुग्णास सांगू नये. ते अग्निदीपक, लघु, ग्राही आहे, एवढे पुरेसे आहे.

खरी सावधगिरी वेगळीच, आणि ती आपल्याकडून सहज सुटते. दुधाने डॉक्सिसायक्लीनचे शोषण सुमारे पाचव्या हिश्शाने घटते. सिप्रोफ्लॉक्सॅसिनलाही दुग्धजन्य पदार्थ बाधतात. लोह व कॅल्शियमही या औषधांना बांधून ठेवतात. म्हणूनच आम्लपित्तासाठी सवयीने दिलेले शंखभस्म, कपर्दिका, प्रवाळ किंवा पांडुत्वासाठी मंडूर-लोह त्याच वेळी दिल्यास प्रतिजैविकाचे बळ आपणच कमी करू. गोळी आणि तक्र वा भस्म यांत किमान दोन-तीन तासांचे अंतर ठेवावे. त्यामुळे ताकातील जंतूही गोळीच्या माऱ्यातून काही अंशी वाचतात. डॉक्सिसायक्लीन भरपूर पाण्याबरोबर, बसून घ्यावे. घेऊन लगेच आडवे होऊ नये, अन्यथा अन्ननलिकेस व्रण होतो.

ताक ताजे, लोणी काढलेले, किंचित सुंठ-जिरे-सैंधव घालून दुपारच्या भोजनाबरोबर द्यावे. पुरानंतर विहिरीचे पाणी दूषित असते, म्हणून पाणी उकळून गार केलेलेच वापरावे. कढी रुचकर खरी, परंतु तापविल्याने जंतू मरतात.

सुश्रुतांनी क्षत, दौर्बल्य, मूर्च्छा, भ्रम, दाह व रक्तपित्त यांत तक्र निषिद्ध मानले आहे. तीव्र लेप्टोत कामला, रक्तस्राव, मूत्राल्पता दिसते. तेथे हा निषेध अक्षरशः लागू पडतो आणि रुग्णास त्वरित रुग्णालयात पाठवावे. रक्तमिश्रित मल, तीव्र ज्वर अथवा उदरशूल असतानाही तक्राची वाट पाहू नये. रुग्ण आला की प्रथम गोळ्यांचे पाकीट मागावे, कारण नावाऐवजी "पुराची गोळी" एवढेच तो सांगतो.