औषध आणि तवक्कुल



आंजी (मोठी) येथे नमाजनंतर मशिदीच्या दाराशी दम केलेले पाणी नेण्यास माणसे उभी असतात. काही वर्षांपूर्वी एक माता आपल्या तरुण मुलासाठी आली. कोणी नसताना त्याला आवाज ऐकू येत. घरचे जेवणात काही मिसळतात, असा संशय येई. मी दुआ केली, पाणी दिले. परंतु त्याच्या गोळ्या सुरू आहेत काय, हा एक प्रश्न विचारला नाही. त्या तीन महिन्यांपूर्वीच बंद झाल्या होत्या. गोळ्यांवर जगणाऱ्याचे ईमान कच्चे असते, असे कोणीतरी त्याच्या मनात भरवले होते. पुढे पंधरा दिवसांत तो घर सोडून गेला. सापडला तेव्हा पायांना जखमा होत्या. त्या न विचारलेल्या प्रश्नाचे ओझे मनावर आहे, म्हणून हा धडा.

तवक्कुल म्हणजे साधनांचा त्याग नव्हे

अल्लाहने असा कोणताही आजार उतरविला नाही ज्याचा उपाय उतरविला नाही, हा आशय सहीह बुखारीत आला आहे. उपचार करावेत काय, असे ग्रामीण अरबांनी विचारले तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी होकार दिला. उंट बांधून मगच अल्लाहवर भरवसा ठेवण्याची त्यांची शिकवण तिर्मिजीत आहे. या शिकवणीत मेंदूचा आजार वगळलेला नाही. मधुमेही बांधवाला इन्सुलिन सोडा, असे आपण सांगत नाही. मग छिन्नमनस्कतेच्या, म्हणजेच स्किझोफ्रेनियाच्या रुग्णालाच ईमानाची परीक्षा का? शिफा देणारा अल्लाहच आहे. गोळी हे त्याने दिलेले साधन आहे. दुआ करा, रुक्या करा. त्यासाठी गोळी बंद करावी लागत नाही.

आजार हा गुनाह नव्हे

भान हरपलेल्या माणसावरून कर्मे नोंदविणारी लेखणी उचललेली असते, असे हदीसमध्ये आले आहे. शरीअत ज्याला सूट देते, त्याला आपण दोषी ठरवावे काय? कैरो येथे इ.स. १२८४ मध्ये सुलतान कलावून याने उभारलेल्या बीमारिस्तानात मनोरुग्णांसाठी स्वतंत्र विभाग होता. हा आपला वारसा. आणि ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे, दर्ग्याच्या परिसरातील एका खासगी आश्रयगृहाला आग लागली, तेव्हा साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मरण पावले. हेही आपल्याच काळात घडले. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली आहे.

रुग्ण औषध का नाकारतो?

पहिले कारण असे की, आपण आजारी आहोत ही जाणीवच हा आजार अनेकदा हिरावून घेतो. त्याला हट्टीपणा समजू नका. दुसरे कारण त्रासाचे: या औषधांनी सुस्ती येते, वजन वाढते, काहींचे हातपाय ताठरतात किंवा कंप सुटतो. ही तक्रार खरी असते. ती डॉक्टरांना सांगितल्यास मात्रा कमी करता येते किंवा औषध बदलता येते. तिसरे कारण फसवे आहे. बरे वाटू लागले की गोळी सोडली जाते. आजार लगेच उलटत नाही, अनेकदा काही आठवडे किंवा महिने जातात. त्या अवधीत सर्वांना वाटते की औषधाची गरजच नव्हती. त्या तरुणाच्या घरीही हेच वाटले होते.

आपले कर्तव्य

रुग्णाशी वाद घालू नका. त्याला ऐकू येणारे आवाज त्याच्यासाठी खरे असतात. औषध अन्नात लपवून देऊ नका. ज्याला आधीच अन्नात विषाचा संशय आहे, त्याचा तो संशय आपणच खरा ठरवाल आणि विश्वासाची अमानत गमवाल. रोज गोळी घेणे जमत नसेल तर काही आठवड्यांनी एकदा घ्यावयाचे इंजेक्शनही असते, त्याविषयी विचारा. रमजानपूर्वी डॉक्टरांना भेटून गोळ्यांच्या वेळा इफ्तार व सहरीला जुळतात काय, ते पाहा. जुळत नसतील तर आजाऱ्याला रोजाची सूट स्वतः कुरआनने दिली आहे; ती स्वीकारण्यात कमीपणा नाही.

आपल्यासाठी सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगी (मेघे) येथील विनोबा भावे रुग्णालय फार दूर नाहीत. दोन्हीकडे मनोविकार विभाग आहे. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक निःशुल्क आहे.

इमाम बांधवांना एक विनंती. कोणी पाणी मागावयास आले तर अवश्य द्या, आणि त्याच वेळी हळूच विचारा: गोळ्या सुरू आहेत ना?

तो तरुण आज औषध घेतो आणि जुम्याला पहिल्या सफमध्ये असतो. अल्लाह सर्व आजाऱ्यांना शिफा, त्यांच्या घरच्यांना सब्र आणि आपणा सर्वांना समज देवो. आमीन.