सिंगापुरात घर घेताना आधी खाली उतरून बघा

सिंगापुरात बदली झालेली मराठी मंडळी घराबद्दल विचारतात तेव्हा प्रश्न ठरलेले असतात: एमआरटीचं (मेट्रोचं) स्टेशन किती लांब, शाळेची बस गेटपर्यंत येते का, स्विमिंग पूल आहे का. मी त्यांना उलट विचारते, संध्याकाळी तुमच्या मुलाला खाली कोण भेटणार आहे?

आम्ही आलो तेव्हा कंपनीनं ईस्ट कोस्टकडे कॉन्डो दिला होता. टेनिस कोर्ट, पूल, गेटवर पहारा, बस दारात. माझ्या मुलाचे सगळे मित्र त्याच्या बाबांएवढाच पगार असलेल्या घरांतले. बाकीची माणसं त्याला दिसायची ती फक्त कामापुरती: रखवालदार, सफाई करणारे, घरोघरच्या हेल्पर. एकदा पुलाच्या काठावर ओला टॉवेल टाकून तो चालू लागला. मी हाक मारली, तर सहज म्हणाला, "राहू दे ना आई, अंकल उचलतील." बोलण्यात उद्धटपणा अजिबात नव्हता, आणि त्यानंच माझ्या छातीत धस्स झालं. बटण दाबलं की पंखा फिरतो, तितक्या खात्रीनं तो बोलला होता. घरात आम्ही काय शिकवतो यापेक्षा दिवसभर डोळ्यांसमोर काय घडतं, हे मूल आधी उचलतं.

कंपनीचा करार संपल्यावर आम्ही तोआ पायोला एचडीबीचा फ्लॅट भाड्यानं घेतला. 1960 साली स्थापन झालेल्या या सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या घरांत देशातले तीन चतुर्थांशाहून जास्त रहिवासी राहतात. त्यामुळे शेजारी टॅक्सीवाले असतात, शिक्षिका असतात, निवृत्त कारकून असतात. शिवाय 1989 पासून चिनी, मलाय, भारतीय अशा प्रत्येक समाजाचं कमाल प्रमाण ब्लॉकनिहाय ठरवून दिलेलं आहे, म्हणजे एकाच समाजाची वस्ती होऊ नये याची काळजी सरकारनंच घेतली आहे.

खरी शाळा भरते ती इमारतीच्या तळमजल्यावर. तो मोकळाच ठेवलेला असतो. त्याला इथे व्हॉइड डेक म्हणतात. तिथे मलाय कुटुंबाचं लग्न लागतं, मोठमोठी पातेली चढतात, ब्लॉकभर बिर्याणीचा वास सुटतो. तिथेच कुणा चिनी आजोबांचं पार्थिव तीन किंवा पाच दिवस ठेवलेलं असतं, उदबत्त्या जळत असतात, रात्रभर माणसं बसलेली असतात. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मुलगा माझा हात घट्ट धरून उभा राहिला. नंतर मात्र खेळत खेळत तिकडे गेला की आपोआप आवाज खाली आणायचा. हे आम्ही त्याला शिकवलेलं नाही. तिथल्या दगडी टेबलांशी बसणाऱ्या एका म्हाताऱ्या अंकलनी त्याला चिनी बुद्धिबळ शिकवलं. आता त्यांचं सामान उचलायचं काम याच्याकडे असतं.

आपलं काम आपणच करायचं, हे इथे बाहेरही शिकवलं जातं. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे स्वस्त खाण्याच्या स्टॉल्सच्या आवारात, जेवल्यावर ट्रे स्वतः परत नेऊन ठेवायचा, हा 2021 पासून कायदाच आहे. सरकारी शाळांतही 2016 अखेरपासून मुलं रोज वर्ग साफ करतात. आपल्या घरात मात्र हेल्पर मुलाचं दप्तर उचलून बसपर्यंत नेत असेल, तर यातलं काही टिकत नाही. एचडीबीत राहूनही लाडावलेली मुलं मी पाहिली आहेत. दप्तर, डबा, अंथरूण ही मुलाची कामं हेल्परला सांगूच नका. तिच्या सुट्टीच्या रविवारी तिला फोन करून मोजे कुठे आहेत ते विचारू नका. मूल तेही ऐकत असतं.

सरकारी शाळेचंही आंधळं कौतुक नको. सहावीच्या पीएसएलई परीक्षेचा ताण मोठा आहे, आणि मार्कांचा माज पैशाच्या माजाइतकाच वाईट. शिवाय परदेशी मुलांना प्रवेशाची खात्री नसते, आणि फीही स्थानिकांपेक्षा बरीच जास्त पडते. म्हणून शाळेवर सगळी भिस्त ठेवू नका, पत्त्याचा विचार आधी करा.

घर बघायला एजंटबरोबर भर दुपारी जाऊ नका. शाळा सुटल्यानंतर, पाच ते सातच्या दरम्यान जा आणि मैदानाशी अर्धा तास बसा. मुलं एकटी खाली येतात का? वाणसामानाचं दुकान, वेट मार्केट (ताज्या भाजी-मासळीचा बाजार), वाचनालय मुलाला पायी गाठता येईल का? परदेशी भाडेकरूंसाठी एचडीबीत कोटा असतो आणि करार किमान सहा महिन्यांचा लागतो. त्या ब्लॉकचा कोटा शिल्लक आहे का, हे अनामत देण्याआधी तपासा. कॉन्डोपेक्षा खोल्या कमी मिळतील, हे धरून चाला. आई-बाबा भारतातून आले की आमच्याकडे हॉलमध्ये गाद्या पडतात.

कंपनीमुळे कॉन्डोच वाट्याला आला असेल, तर गेटबाहेरचं जग आठवड्याच्या दिनक्रमात घाला. पोहायला सरकारी तलावावर न्या. भाजी ऑनलाइन मागवण्याऐवजी टेक्का मार्केटला जा, आणि जाताना बस-ट्रेनचं ईझी-लिंक कार्ड मुलाच्या हातात द्या. तुम्ही शेजारी बसा, पण कुठे उतरायचं ते त्याला ठरवू द्या.