घोंगडी आकसते कशी?

सुती सदरा गरम पाण्यात भिजवून, सोडा लावून धोपटला तर तो स्वच्छ होतो. हातमागावर विणलेली लोकरी घोंगडी तशीच धुतली, तर ती आखूड, जाड आणि ताठर होऊन बसते. पुढे कितीही ताणली तरी पूर्ववत होत नाही. लोकर कातरणे, पिंजणे, सूत कातणे, विणणे ही सारी मेहनत एका धुण्यात वाया जाते. असे का व्हावे?

प्रथम एक प्रयोग करा. कंगव्यात अडकलेला लांब केस घ्या. त्याच्या मुळाशी बहुधा बारीक पांढरी गाठ दिसते. केस आंगठा व तर्जनी यांच्यामध्ये, बोटांच्या लांबीच्या दिशेने धरा आणि बोटे एकमेकांवर मागेपुढे चोळा. केस एकाच बाजूला, म्हणजे मुळाच्या दिशेने, सरकू लागेल. केस उलटा धरला तर सरकण्याची दिशाही उलटते.

याचे कारण असे, की केसावर कौलांसारखे एकावर एक खवले असतात आणि त्यांची टोके शेंड्याकडे वळलेली असतात. मुळाच्या दिशेने सरकताना घर्षण कमी होते, शेंड्याच्या दिशेने जास्त. गव्हाची ओंबी देठ वर करून बाहीत ठेवली, की हात हलवताना ती आपोआप वर चढते, तसेच हे.

लोकर म्हणजे मेंढीचे केसच. पाण्यात तिचे तंतू फुगतात, उष्णतेने अधिक लवचिक होतात. अशा वेळी घोंगडी चोळली किंवा आपटली, की प्रत्येक तंतू आपापल्या मुळाच्या दिशेने पुढे सरकतो. मागे मात्र येऊ शकत नाही. सुतात काही तंतूंची मुळे एका बाजूला, तर काहींची दुसऱ्या बाजूला असतात. त्यामुळे त्यांचा गुंता घट्ट होत जातो. काश्मीरचा नमदा लोकरीच्या याच गुणामुळे न विणता तयार होतो. म्हणजे एकटे गरम पाणी दोषी नाही. ओलावा, उष्णता आणि हालचाल यांची जोडी घातक ठरते.

दुसरे कारण रासायनिक आहे. लोकर केराटिन या प्रथिनाची बनलेली असते. सोड्यासारखे अल्कधर्मी पदार्थ प्रथिनाला कमकुवत करतात. काही धुण्याच्या पावडरींत प्रथिने पचवणारी विकरे असतात. ती डाग आणि लोकर असा भेद करीत नाहीत.

आता नियम सहज सुचतील. घोंगडी वारंवार धुऊ नका. दोरीवर टाकून झटका, म्हणजे तंतू कापणारी बारीक वाळू निघून जाईल. डाग लगेच ओल्या फडक्याने टिपा, घासू नका. धुवायचीच झाली तर थंड पाण्यात रिठ्याचा फेस करून ती हाताने दाबत धुवा. नव्या घोंगडीला चिंचोक्याची खळ दिलेली असते. ती पाण्यात उतरली की घोंगडी मऊ पडते. बुळबुळीत पाणी म्हणजे सगळा मळ नव्हे. घोंगडी पिळू नका आणि दोरीवर टांगू नका. ओली लोकर कोरडीपेक्षा दुबळी असते आणि वर पाण्याचा भार. दोन किलोच्या घोंगडीत दोन किलो पाणी सहज राहते. ती बाजेवर सपाट पसरून, वाऱ्याच्या जागी सावलीत वाळवा.

ठेवणीतल्या घोंगडीचा शत्रू म्हणजे कसर. या किड्याची अळी केराटिन पचवू शकते आणि घामट, मळकट लोकर तिला विशेष आवडते. म्हणून घोंगडी स्वच्छ व पूर्ण कोरडी करूनच ठेवा. महिन्यातून एकदा उलगडून थोडा वेळ उन्हात घाला आणि घड्यांतून ब्रश फिरवा, म्हणजे अंडी व अळ्या झडून जातील.

शेवटी एक प्रश्न. तीच घोंगडी एप्रिलच्या कोरड्या दुपारी आणि भर पावसाळ्यात, न भिजवता, तराजूत घालून पाहा. वजनात फरक का पडतो? सूचना : लोकर आपल्या वजनाच्या सुमारे एकतृतीयांश इतकी वाफ शोषूनही हाताला ओली लागत नाही.