लोखंड, गंज आणि आपण

भोसरीपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला गंज म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. वर्कशॉपमागे पडलेलं भंगार एका पावसाळ्यात तांबडं होतं. गाडीची बॉडी आधी फॉस्फेटिंगच्या टाकीत, मग ईडी कोटमध्ये बुडवतात आणि मगच तिला रंग मिळतो. ही सगळी धडपड लोखंड आणि ऑक्सिजन यांची गाठ पडू नये म्हणून. पण आपल्या शरीरातही लोखंड आहे आणि ऑक्सिजन तर आपण क्षणाक्षणाला आत घेतो. मग तिथे काय होत असेल? या प्रश्नाच्या मागे लागून मी जे वाचलं, ते इथे मांडते आहे.

आतलं लोखंड

मोठ्या माणसाच्या शरीरात सुमारे ३ ते ४ ग्रॅम लोह असतं. त्यातलं जवळजवळ दोन तृतीयांश हिमोग्लोबिनमध्ये. नवीन तांबड्या पेशी बनवायला रोज २० ते २५ मिलिग्रॅम लोह लागतं, पण अन्नातून शरीर रोज फक्त १ ते २ मिलिग्रॅम उचलतं. बाकीचं येतं कुठून? भंगारातून! तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, मग ती मोडून तिच्यातलं लोह पुन्हा वापरतात.

गंमत म्हणजे या यंत्रणेला ड्रेन व्हॉल्व्ह नाही. जास्तीचं लोह बाहेर टाकायची खास सोय शरीराकडे नाही. कंट्रोल आहे तो फक्त इनलेटवर. यकृतात तयार होणारं हेप्सिडिन नावाचं हार्मोन हा इनलेट उघडतं आणि बंद करतं. त्याचा शोध २००० सालाच्या सुमारास लागला. रक्तातून लोह नेताना ते ट्रान्सफेरिन या प्रथिनाला बांधलेलं असतं आणि साठवताना फेरिटिनच्या पोकळ गोळ्यात कोंडलेलं. एका गोळ्यात साडेचार हजारांपर्यंत अणू मावतात.

इतका बंदोबस्त कशाला?

कारण मोकळं लोह ठिणगीसारखं वागतं. आपल्या पेशी ऑक्सिजन वापरताना थोडा हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतोच. १८९४ मध्ये फेंटन या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने फेरस लोह आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एकत्र आले की किती जोरदार ऑक्सिडेशन होतं ते दाखवलं. पुढे कळलं की यात हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतो. हा इतका चिडका की समोर चरबी, प्रथिन, डीएनए जे येईल त्याचा इलेक्ट्रॉन ओढतो. कारखान्यांच्या सांडपाण्यातले चिवट रंग आणि सेंद्रिय द्रव्यं तोडायला हीच फेंटन रिॲक्शन मुद्दाम घडवून आणतात. ईटीपीच्या टाकीत जी कामाची, तीच हृदयाच्या पेशीत घातक. असा मारा शरीराच्या बचावापेक्षा जास्त झाला की त्याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात.

अँटिऑक्सिडंट म्हणजे जस्ताचा मुलामा?

पत्र्यावरचं जस्त स्वतः झिजतं आणि लोखंड वाचवतं. व्हिटॅमिन सी आणि ई साधारण तसंच करतात, स्वतःचा इलेक्ट्रॉन देऊन रॅडिकलला शांत करतात. पण शरीराचा मुख्य बचाव एन्झाइम्सचा असतो. त्यातलं पेरॉक्साइड मोडणारं कॅटलेज हे एन्झाइम स्वतःच लोहावर चालतं! म्हणजे लोह वाईट नाही, मोकाट सुटलेलं लोह वाईट.

मग जिमवाल्या मित्रांनी अँटिऑक्सिडंटच्या कॅप्सूल घ्याव्यात का? फिनलंडमध्ये २९ हजारांहून जास्त धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर मोठी चाचणी झाली. १९९४ मध्ये निकाल आला, तेव्हा बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त निघाला. अमेरिकेतली अशीच चाचणी अशाच कारणाने १९९६ मध्ये थांबवावी लागली. शिवाय जंतू मारायला आपल्या पांढऱ्या पेशी हेच ऑक्सिडंट मुद्दाम बनवतात. सगळेच विझवून कसं चालेल? आवळा, पेरू, पालेभाज्या खुशाल खा. डब्यातल्या मोठ्या डोसचं मात्र तसं नाही.

पिंपरी कॅम्पची गोष्ट

फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं पिंपरीत वसली, म्हणून त्या भागाला आजही पिंपरी कॅम्प म्हणतात. आपण तिथे खरेदीला जातो. सिंधी, पंजाबी, लोहाणा अशा काही समाजांत बीटा थॅलेसेमियाचे वाहक जास्त आढळतात. पण हा कोणा एका समाजाचा आजार नव्हे, मराठी घरांतही वाहक असतात. वाहक माणूस धडधाकट असतो, बहुतेकदा त्याला पत्ताही नसतो. आई-वडील दोघेही वाहक असले, तर प्रत्येक बाळाला थॅलेसेमिया मेजर होण्याची शक्यता २५ टक्के.

अशा मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. आता हिशोब करा. रक्ताच्या एका पिशवीत २०० ते २५० मिलिग्रॅम लोह असतं. जे लोह आपण तीन ते आठ महिन्यांत घेतो, ते या मुलाला एका दुपारी मिळतं. आणि ड्रेन तर नाहीच. ट्रान्सफेरिन भरून जातं, लोह मोकळं फिरू लागतं आणि यकृत, हृदय, ग्रंथी यांत साठून तिथे फेंटनची ठिणगी पडते. जे रक्त जगवतं, त्याच्यातलंच लोह जिवावर उठतं.

उपाय आपल्या ओळखीचा आहे. फर्स्ट इयरला पाण्याचा जडपणा मोजताना ईडीटीएने कॅल्शियम पकडलं होतं, आठवतं? तसंच लोहाला पकडून बाहेर नेणारी औषधं आहेत. डेस्फेरिऑक्झामिन त्वचेखाली पंपाने तासन् तास द्यावं लागतं. डेफेरिप्रोन आणि डेफेरासिरॉक्स तोंडाने घेता येतात. ही औषधं न चुकता घेणं म्हणजे या मुलांचं आयुष्य.

आणि दुसरं टोक

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना अ‍ॅनिमिया निघाला. रक्तदानाला हिमोग्लोबिन निदान १२.५ ग्रॅम लागतं. शिबिरात आमच्या हॉस्टेलच्या कितीतरी मुली यावरूनच परत येतात आणि "जाऊ दे, मला नेहमीच कमी असतं" म्हणून हसून सोडून देतात. दम लागणं, लेक्चरला डोळे मिटणं हे सगळं अभ्यासाच्या ताणावर ढकललं जातं. मैत्रिणींनो, ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही.

पण मनानेच गोळ्या सुरू करू नका. थॅलेसेमियाच्या वाहकाचंही हिमोग्लोबिन थोडं कमी असतं, आणि शरीरात लोह पुरेसं असेल तर त्याला लोहाच्या गोळ्यांचा उपयोग नाही. म्हणून डॉक्टरांना विचारून फेरिटिन बघा. शंका असेल तर एचबीए-टू ही तपासणी करा. लग्नाआधी पत्रिका जुळवणाऱ्या घरांनी हा एक कागदही जुळवून पाहावा असं मला मनापासून वाटतं.

मेसमध्ये आपल्या हातात एवढं आहे: मटकीच्या उसळीवर लिंबू पिळा, कारण व्हिटॅमिन सीमुळे लोह शोषलं जातं. जेवणावर लगेच चहा नको, निदान तासभर थांबा, कारण चहा लोह अडवतो. मेसच्या काकांनी लोखंडी कढई पुन्हा काढली तर उत्तमच.

आणि ज्यांचं हिमोग्लोबिन चांगलं आहे, त्यांनी शिबिराला यावं. मुलांना तीन महिन्यांनी, मुलींना चार महिन्यांनी पुन्हा रक्त देता येतं. मे महिन्यात कॉलेजं बंद, शिबिरं बंद, पण थॅलेसेमियाच्या मुलाला सुट्टी नसते. घरी जाण्याआधी एकदा रक्तपेढीत डोकावून जा.