अनेक संगणकांचा एक महासंगणक

बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातील चकलांबा हे पावसावर भिस्त ठेवणाऱ्या मुलखातील गाव. मृगात पाऊस येईल की ओढ देईल, या एका प्रश्नावर तेथील कापूस-तुरीची पेरणी अवलंबून असते. चुकीच्या वेळी पेरणी झाली तर बियाणे व खत दोन्ही वाया जाऊन दुबार पेरणीचे संकट ओढवते. या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी लागणारी प्रचंड आकडेमोड महासंगणकावर केली जाते. हा महासंगणक म्हणजे एकच अवाढव्य यंत्र नसून एकजुटीने काम करणाऱ्या अनेक संगणकांचा समूह असतो.

कामाची वाटणी

गावातील पीक पाहणी एका माणसाने करावयाची तर दहा तास लागतात असे समजू. त्यांपैकी नऊ तास शेते पाहण्यात व एक तास गोशवारा तयार करण्यात जातो. शेते नऊ जणांत वाटून दिली तर पाहणी एका तासात आटोपेल; परंतु गोशवाऱ्याचा एक तास कायम राहील. माणसे कितीही वाढविली तरी काम दहापटीहून अधिक वेगाने होणार नाही. संगणक-समूहालाही हाच नियम लागू पडतो. जे काम वाटता येते तेच वेगाने होते. हवामानाचे गणित असे वाटता येते, कारण भूप्रदेशाचे चौकोन पाडून प्रत्येक संगणकाकडे काही चौकोन सोपविता येतात.

पुण्याची परंपरा

१९८० च्या दशकात भारताला हवा तेवढा शक्तिशाली महासंगणक अमेरिकेकडून मिळू शकला नाही. त्यानंतर १९८८ मध्ये पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्राची, म्हणजेच 'सी-डॅक'ची स्थापना झाली. अकोला जिल्ह्यातील मुरंबा येथे जन्मलेल्या डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला. एकाच अतिवेगवान प्रक्रियकाऐवजी अनेक लहान प्रक्रियक जोडणे, हे त्याचे तत्त्व होते.

१९९४ मध्ये अमेरिकेतील 'नासा'च्या गॉडर्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग व डोनाल्ड बेकर यांनी हेच तत्त्व बाजारात मिळणाऱ्या साध्या साहित्याला लावले. त्यांनी १६ संगणक जोडून 'बेओवुल्फ' हा समूह उभारला. पुण्यातच टाटा समूहाने उभारलेला 'एका' हा महासंगणकही अशाच समूहरचनेचा होता. नोव्हेंबर २००७ मध्ये तो जगात चौथ्या क्रमांकावर होता.

उभारणी

लहान समूहासाठी शक्यतो सारख्या क्षमतेचे संगणक निवडतात. एक संगणक मुख्य असतो. तो कामे वाटतो व उत्तरे गोळा करतो. इतर संगणकांना पडदा किंवा कळफलक लागत नाही. सर्व संगणक तारांनी 'स्विच' या जोडपेटीशी जोडतात. त्यांवर एकच कार्यप्रणाली, बहुधा विनामूल्य मिळणारी 'लिनक्स', बसवितात. आपसांतील निरोपांची देवाणघेवाण 'एमपीआय' या ठरावीक पद्धतीने होते.

देखभाल

खरी कसोटी उभारणीनंतर लागते. प्रत्येकी २०० वॅट वीज घेणारे १६ संगणक ३,२०० वॅट वापरतात आणि त्या विजेची अखेर उष्णताच होते. विजेच्या तीन शेगड्या खोलीत अखंड पेटत्या ठेवाव्यात, तसा हा प्रकार आहे. म्हणून थंडाव्याची सोय, धुळीपासून बचाव आणि स्थिर वीजपुरवठा आवश्यक ठरतो. पुष्कळदा एक संगणक मंदावला तरी बाकीचे त्याच्यासाठी खोळंबतात. एक संगणक सरासरी तीन वर्षांतून एकदा बिघडतो असे मानले, तर हजार संगणकांच्या समूहात जवळजवळ रोज एक बिघाड होणार! यास्तव चालू गणिताची ठरावीक वेळाने नोंद साठवितात. बिघाड झाल्यास काम मुळापासून न करता त्या नोंदीपासून पुढे नेता येते.

गावापर्यंत लाभ

२०२४ मध्ये पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत 'अर्का' हा महासंगणक कार्यान्वित झाला. त्यावर विकसित झालेली 'भारत पूर्वानुमान प्रणाली' २०२५ मध्ये सुरू झाली. तिच्यात पूर्वीच्या १२ किलोमीटरऐवजी ६ किलोमीटरचे चौकोन आहेत. चौकोनाची बाजू निम्मी झाली की चौकोन चौपट होतात. काळाचे टप्पेही निम्मे करावे लागत असल्याने आकडेमोड सुमारे आठपट वाढते. चकलांब्याचा पाऊस शेजारच्या तालुक्याच्या पावसापासून वेगळा ओळखायचा, तर एवढे बळ लागतेच. ऑक्टोबर २०२४ पासून ग्रामपंचायतनिहाय पाच दिवसांचा अंदाज 'ई-ग्रामस्वराज' व 'मेरी पंचायत' यांवर देण्याची सोय झाली आहे. पंचायत सदस्यांनी तो फलकावर लिहून शेतकऱ्यांपर्यंत पोहोचवावा.

शाळा-महाविद्यालयांतील जुने संगणक जोडून विद्यार्थ्यांना समूहाचे तत्त्व शिकविता येईल. मात्र वीज, सुटे भाग आणि देखभालीची जबाबदारी घेणारी व्यक्ती यांची तरतूद आधी व्हावी. ती नसेल तर संगणक जोडले जातील, पण महासंगणक घडणार नाही.