स्वमग्न मूल आणि शेजारचा मदतनीस

जे मूल हाकेला ओ देत नाही, नजरेला नजर भिडवीत नाही आणि चार मुलांत मिसळत नाही, त्याच्याविषयी गावात तर्कवितर्क लवकर सुरू होतात. कोणी त्याला बहिरे ठरवितो, कोणी हट्टी म्हणतो, कोणी आईच्या लाडांना दोष देतो, तर कोणी दृष्ट लागल्याचे सांगून अंगाऱ्या-धुपाऱ्याची वाट दाखवितो. या गलबल्यात आईवडिलांना ज्या गोष्टीची खरी निकड असते, ती मात्र क्वचितच मिळते. ती गोष्ट म्हणजे जाणत्या आणि विश्वासू माणसाचा आधार. स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, असलेल्या मुलांच्या कुटुंबांना असा आधार देणारे मदतनीस कोण असतात, ते कोणते काम करतात आणि त्या कामाच्या मर्यादा कोणत्या, याचा परिचय शिक्षक, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायत सदस्य व पालक या सर्वांना असणे अगत्याचे आहे.

स्वमग्नता म्हणजे काय?

स्वमग्नता हा संसर्गजन्य रोग नव्हे, वेडही नव्हे. मेंदूची जडणघडण जन्मापासूनच काहीशी निराळी असल्यामुळे इतरांशी संवाद साधणे, चेहऱ्यावरील भाव ओळखणे व बदलाशी जुळवून घेणे अशा मुलांना अवघड जाते. तेच तेच शब्द उच्चारणे, हात फडफडविणे, एखाद्याच वस्तूत तासन् तास रमणे, ठरलेल्या क्रमात खंड पडताच अनावर होणे ही लक्षणे कमीअधिक प्रमाणात आढळतात. कुकरच्या शिटीने कोणी कान झाकून घेते, तर कोणाला कपड्याचा शिवणीचा धागाही सोसवत नाही. काही मुले मुळीच बोलत नाहीत. काही मुले उत्तम बोलतात, परंतु बोलण्यातील खोच किंवा थट्टा त्यांना उमगत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात दर १२७ व्यक्तींमागे एक व्यक्ती स्वमग्न होती.

दीड वर्षाचे झाल्यावरही मूल हवी ती वस्तू बोटाने दाखवीत नसेल, नावाने हाक मारली असता वळून पाहत नसेल, किंवा येत असलेले शब्द विसरू लागले असेल, तर 'बोलेल हळूहळू' असे म्हणून वाट पाहत बसू नये. त्याची श्रवणशक्ती व एकंदर वाढ यांची तपासणी विनाविलंब करून घ्यावी.

पालकांच्या चळवळीचा इतिहास

अमेरिकेतील बाल्टिमोर येथील डॉक्टर लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अकरा मुलांचे निरीक्षण प्रसिद्ध केले आणि या स्थितीला वैद्यकशास्त्रात स्वतंत्र ओळख मिळाली. तथापि पुढील दोन दशके या मुलांच्या मातांना फार क्लेशदायक ठरली. आईच्या मायेचा ओलावा आटल्यामुळे मूल असे होते, असा समज तज्ज्ञांतही रूढ झाला. शिकागो येथील ब्रूनो बेटेलहाइम यांनी १९६७ मधील आपल्या ग्रंथात याच मताचा पुरस्कार केला. आधीच खचलेल्या आईवर अपराधाचा हा आणखी एक बोजा पडला.

तो उतरविण्यात पालकांचा वाटा मोठा आहे. लंडनमध्ये १९६२ साली काही पालकांनी एकत्र येऊन संस्था स्थापिली. त्यांत डॉक्टर लॉर्ना विंग होत्या. त्या स्वतः स्वमग्न मुलीच्या माता होत्या. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलंड हेही अशाच एका मुलाचे वडील. त्यांनी १९६४ मध्ये ग्रंथ लिहून मातेवरील आरोपाला आधार नसल्याचे दाखवून दिले आणि १९६५ मध्ये पालकांची राष्ट्रीय संघटना उभारण्यात पुढाकार घेतला. भारतात दिल्ली येथे १९९१ मध्ये 'ॲक्शन फॉर ऑटिझम' ही संस्था मेरी बरुआ यांच्या पुढाकाराने सुरू झाली. त्याही स्वमग्न मुलाच्या माता आहेत.

पुढे स्वमग्न प्रौढांनीच मदतीसाठी हात पुढे केला. १९९२ मध्ये अमेरिकेत जिम सिंक्लेअर व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वमग्न व्यक्तींची स्वतःची संघटना स्थापिली. मूल गमावल्याप्रमाणे शोक करीत बसण्यापेक्षा समोर असलेल्या मुलाला समजून घ्यावे, असे त्यांनी पालकांना बजाविले. बोलता न येणाऱ्या बालकाला गोंगाटात नेमके काय होत असेल, हे ज्याने स्वतः ते अनुभविले आहे त्याच्याइतके दुसरे कोण सांगू शकेल? यास्तव जेथे शक्य असेल तेथे मदतनिसांच्या गटात स्वमग्न प्रौढांनाही स्थान असावे.

गोव्यातील प्रयोग

उत्तर गोवा व हैदराबाद यांसह देशातील पाच ठिकाणी दोन ते नऊ वर्षे वयाच्या सुमारे चार हजार मुलांची पाहणी करण्यात आली होती. तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. मेंदूच्या वाढीशी निगडित असे प्रश्न आपल्याकडील गावांत व शहरांत दुर्मिळ नाहीत, हे तीवरून स्पष्ट झाले. तज्ज्ञ मात्र मूठभर आणि तेही मोठ्या शहरांत. या अडचणीवर उपाय शोधण्याचा एक उल्लेखनीय प्रयत्न गोव्यातच झाला.

गोव्यातील 'संगाथ' या संस्थेने पाकिस्तानातील रावळपिंडी व इंग्लंडमधील तज्ज्ञांच्या सहकार्याने एक प्रयोग हाती घेतला. इंग्लंडमध्ये तज्ज्ञांकरवी दिली जाणारी पालक-प्रशिक्षणाची पद्धत येथील परिस्थितीला अनुरूप करण्यात आली आणि ती डॉक्टर नसलेल्या, परंतु रीतसर शिकवून तयार केलेल्या कार्यकर्त्यांच्या हाती सोपविण्यात आली. गोवा व रावळपिंडी मिळून ६५ मुलांची कुटुंबे प्रयोगात सहभागी झाली. सहा महिन्यांत बारा भेटी, असा क्रम होता.

प्रयोगाचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. मुलाच्या कलाने प्रतिसाद देण्याची आईवडिलांची हातोटी लक्षणीयरीत्या सुधारली. मुलेही आपण होऊन पालकांशी अधिक वेळा संवाद साधू लागली. उलटपक्षी, मूल व पालक एकाच गोष्टीत एकत्र रमण्याचा वेळ मात्र घटल्याचे आढळले. सर्वच बाबतींत यश आले, असा दावा संशोधकांनी केला नाही. तरीही शेजारपाजारची सामान्य शिक्षणाची व्यक्ती योग्य प्रशिक्षण व देखरेख लाभल्यास हे काम नीट करू शकते, हा त्यातील धडा ग्रामीण भागासाठी मोलाचा आहे.

काम कसे चालते?

समजा, चार वर्षांचा एक मुलगा दिवसभर डब्याचे झाकण जमिनीवर गरगर फिरवीत बसतो. आई त्याच्या हातून झाकण काढून घेते, चेंडू देते आणि 'चेंडू म्हण, चेंडू म्हण' असा धोशा लावते. मुलगा आक्रोश करतो, आईही थकते. मदतनीस अशा वेळी आईच्या चुका काढीत नाही. तो दोघांच्या खेळाचे थोडा वेळ चित्रण करतो आणि ते आईसमवेत बसून पाहतो. 'मुलाने आपल्याकडे केव्हा पाहिले?' एवढेच तो विचारतो. झाकण थांबल्यावर मुलाने क्षणभर आईकडे नजर टाकलेली असते. घाईत असल्यामुळे तिच्या ते ध्यानी आलेले नसते. चित्रणात ते तिला स्वतःलाच दिसते.

पुढील पंधरवड्यासाठी एकच लहानशी गोष्ट ठरते. आईने मुलासमोर जमिनीवर बसावयाचे, झाकण काढून घ्यावयाचे नाही, ते फिरले की 'फिरलं' आणि थांबले की 'थांबलं' एवढाच शब्द उच्चारावयाचा आणि मग गप्प राहून वाट पाहावयाची. रोज अर्धा तास हे चालावे. मुलाने पाहिले, हसला, हात पुढे केला, तर तो संवादच समजून त्वरित प्रतिसाद द्यावा. ही रीत दिसावयास सोपी आहे. परंतु गप्प राहून वाट पाहणे हेच तीत सर्वांत कठीण असते.

घरची भाषा

बेळगाव, इंदूर, बडोदे किंवा हैदराबाद येथील मराठी कुटुंबांपुढे आणखी एक प्रश्न उभा राहतो. शाळेची भाषा कन्नड, हिंदी, गुजराती, तेलुगू वा इंग्रजी असते. दोन भाषांनी मूल गोंधळेल, यास्तव घरात मराठी बोलणे बंद करावे, असा सल्ला त्यांना अनेकदा मिळतो. या सल्ल्याला संशोधनाचा आधार नाही. एकाहून अधिक भाषा कानी पडल्याने स्वमग्न मुलाच्या भाषेची हानी होत असल्याचे अभ्यासांत आढळलेले नाही. आजी ज्या भाषेत ओवी म्हणते आणि आई ज्या भाषेत रागावते व कुरवाळते, ती भाषा तोडल्याने मुलाभोवती बोलणारी माणसेच कमी होतात. घरची भाषा जाणणारा मदतनीस या दृष्टीनेही उपयुक्त ठरतो.

मर्यादा आणि दक्षता

मदतनीस निदान करीत नाही, औषध सांगत नाही आणि बरे करण्याचे आश्वासन देत नाही. स्वमग्नता नाहीशी करणारे औषध उपलब्ध नाही. शिक्षण, सराव व अनुकूल वातावरण यांनी मुलाचे जीवन सुकर होते. पुढील गोष्टी त्याने सदैव ध्यानात ठेवाव्यात :

१. कुटुंबाने सांगितलेली गोष्ट चावडीवर जाऊ नये. विश्वास एकदा गेला की ते दार पुन्हा उघडत नाही.

२. एका मुलाची दुसऱ्याशी तुलना करू नये. 'अमक्याचा मुलगा बोलू लागला' हे वाक्य दुसऱ्या आईला जखम करते.

३. मुलाला झटके येत असतील, ते स्वतःला इजा करून घेत असेल, किंवा आईवडिलांपैकी कोणी जगण्याला कंटाळल्याचे बोलत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. स्वमग्न व्यक्तींत अपस्माराचे प्रमाण अधिक असते.

४. भोंदू उपचारांपासून कुटुंबाला सावध करावे. शरीरातील धातू काढून टाकण्याच्या उपचारात २००५ मध्ये अमेरिकेत पाच वर्षांच्या एका मुलाचा मृत्यू झाला.

५. लसीकरण थांबवू देऊ नये. गोवराच्या लसीचा संबंध स्वमग्नतेशी जोडणारा इंग्लंडमधील १९९८ चा लेख सदोष ठरून २०१० मध्ये मागे घेण्यात आला, आणि त्याचे प्रमुख लेखक अँड्र्यू वेकफील्ड यांचे नाव वैद्यकीय नोंदवहीतून काढून टाकण्यात आले.

६. मदतनिसाने स्वतःच्या शक्तीचाही विचार करावा. एकट्याने अनेक कुटुंबांचा भार उचलणारा कार्यकर्ता लवकर खचतो. अनुभवी व्यक्तीची देखरेख व आपसांतील नियमित बैठक आवश्यक होय.

शाळा आणि गाव

शिक्षकांना थोड्या उपायांनी पुष्कळ साधता येते. दिवसाचा क्रम चित्रांनी भिंतीवर दाखवावा : प्रार्थना, गणित, जेवण, खेळ, घर. एक काम संपले की त्याचे चित्र उलटे करावे. घंटा होण्यापूर्वी मुलाला सूचना द्यावी. माध्यान्ह भोजनाच्या रांगेतील रेटारेटी त्याला सोसवत नसेल, तर प्रथम वाढावे. सूचना लहान आणि सरळ असावी. 'दंगा करू नकोस' याऐवजी 'खाली बस' असे सांगितल्यास मुलाला नेमके काय करावयाचे ते कळते.

गावानेही एक जबाबदारी उचलावी. अशी अनेक मुले न सांगता घराबाहेर पडतात आणि काहींना पाण्याचे विलक्षण आकर्षण असते. विहिरी, तळी व नदीकाठ असलेल्या गावांत हा धोका प्राणावर बेतणारा आहे. मूल कोणाचे, ते कोणत्या वाटेने जाते आणि कोणत्या शब्दाने थांबते, एवढे शेजारच्या दहा घरांना ठाऊक असले, तरी एक जीव वाचू शकतो. विहिरीला कठडा व झाकण असणे हे तर ग्रामपंचायतीचे कर्तव्यच होय.

कायदा व सवलती

स्वमग्नतेला राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ मध्ये, व पुढे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ दिव्यांगत्वांच्या यादीत स्थान मिळाले आहे. चाळीस टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. प्रमाणपत्रासाठी सिकंदराबाद येथील राष्ट्रीय संस्थेने तयार केलेली चाळीस कलमांची भारतीय मापनश्रेणी वापरली जाते. राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेखाली एक लाख रुपयांपर्यंतच्या आरोग्य विम्याची तरतूद आहे. अठरा वर्षांनंतर गरज भासल्यास कायदेशीर पालकाची नियुक्ती जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समिती करते. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी व शाळांतील तपासणीची सोय आहे.

या सोयी कागदावर असल्या तरी अर्ज भरणे, कागदपत्रे जुळविणे, तपासणीच्या दिवशी रांगेत मुलाला सांभाळणे हे एकट्या आईला जिकिरीचे होते. तिच्यासमवेत एक माणूस गेला, तर ती फेरी फुकट जात नाही. संबंधित अधिकाऱ्यांनीही अशा मुलाला ताटकळत न ठेवता प्रथम बोलवावे. त्यासाठी निराळ्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही.

पालकांना सर्वाधिक सतावणारा प्रश्न एकच असतो : आपल्या पश्चात या मुलाचे कोण? त्याचे उत्तर एखाद्या योजनेत पूर्णपणे सापडणार नाही. मुलाला नावाने ओळखणारी, त्याची खूण जाणणारी आणि त्याच्या वाट्याचे काम त्याला देणारी माणसे गावात आजपासून तयार होत गेली, तर त्या उत्तराचा बराचसा भाग हाती लागेल. अंगणवाडीत, शाळेत व महिला मंडळात याची चर्चा व्हावी आणि प्रत्येक गावातून निदान दोन व्यक्तींनी हे काम शिकण्यासाठी पुढे यावे, ही अपेक्षा आहे.