शाळेतील छायाचित्रांची विक्री

प्रश्न : भांडगावच्या स्टुडिओत विक्रीचे काम पत्करले आहे. शाळांशी बोलणी कशी करावीत?

उत्तर : जिल्हा परिषदेच्या शाळेत, २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यान्वये नेमलेल्या व्यवस्थापन समितीचे किमान तीन चतुर्थांश सभासद पालकच असल्यामुळे, दर, प्रतींची संख्या आणि वाटपाची तारीख नमूद केलेला लेखी अर्ज मुख्याध्यापकांमार्फत तिच्यापुढे ठेवावा, व मंजुरीवाचून एकाही मुलासमोर कॅमेरा उभा करू नये. आगाऊ रकमेची पावती पालकांच्या हाती पडलीच पाहिजे.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की दौंड परिसरातील साखर कारखान्यांच्या गळीत हंगामात ऊसतोड मजुरांची जी मुले काही महिन्यांपुरती वर्गात दाखल होतात, त्यांच्याकडून प्रत विकत घेतली जाणार नाही हे उघड दिसत असले, तरी समूहचित्राच्या रांगेतून त्यांना वगळणे सर्वथा अनुचित होय. त्यांना एकेक प्रत विनामूल्य देण्याची तजवीज स्टुडिओच्या मालकांकडून आधीच करून घ्यावी.